मोठं गाणं ऐकायचं कसं? भूपापासून सुरुवात करा

‘शास्त्रीय संगीत आवडतं, पण कळत नाही’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: दहा गवयांची दहा ध्वनिमुद्रणं ऐकण्याआधी एक राग कानात मुरू द्या. गायकाचं मोठेपण त्यानंतर आपोआप उलगडत जातं.

त्यासाठी भूप हा राग घ्या. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर काळी तीनचा (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिल्या पट्टीचा) सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वर-खाली वाजवा. भूपाचे सूर तेच. चार-पाच दिवस हे स्वर गुणगुणा. बेसूर झालं तरी चालेल, कानाला ओळख पटणं महत्त्वाचं.

मग किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा. ‘प्रथम सुर साधे’ हा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली बंदिश, आणि त्यामागून ‘सहेला रे’. पहिल्यांदा ऐकताना फक्त गंधाराकडे, म्हणजे ‘ग’कडे लक्ष द्या, कारण तो या रागाचा वादी, म्हणजे सर्वात महत्त्वाचा स्वर. ताई कधी ऋषभावरून (रे) गंधारावर येतात, कधी पंचमावरून (प) मींड घेत, म्हणजे सूर न तोडता घसरत, अलगद उतरतात. स्वर तोच, पण दर वेळी त्याचा भाव वेगळा. एवढं जाणवलं तरी त्या दिवशीचं ऐकणं सार्थकी लागलं असं समजा.

दुसऱ्यांदा ताल धरा. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजा. नवव्या मात्रेला ‘खाली’ येते, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा. तिथून पुढे काही मात्रा डग्ग्याचा घुमार थांबतो. मोजणी चुकली तर तिथून पुन्हा सापडते. ‘सहेला रे’ची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर पडते ते कुणाला न विचारता स्वतःच शोधा. ती सापडली की पुढच्या आवर्तनाला मान आपोआप डोलते.

यानंतर देसकार ऐका. स्वर भूपाचेच पाच, पण राग सकाळचा आणि जोर धैवतावर (ध). तेच स्वर घेऊन वेगळा राग उभा राहतो, हे ऐकूनच पटतं.

आता भीमसेन जोशींचा शुद्ध कल्याण. आरोह (चढते स्वर) भूपाचाच, अवरोहात (उतरताना) मात्र निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून डोकावतात. किराणा घराण्याची एकेका स्वराची संथ बढत, म्हणजे सावकाश फुलवत नेणं, इथे भेटेल. किशोरीताईंची तालीम जयपूर घराण्याची: आई मोगूबाई कुर्डीकरांकडून, आणि मोगूबाई या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. जयपूरची गायकी लयीला घट्ट बांधलेली. ताईंनी तिच्यात निवांत आलापाला जागा केली. त्यांचं मोठेपण मला तिथेच सर्वात जास्त दिसतं.

एवढा कान तयार झाला की प्रत्यक्ष मैफलीला जा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केला, तिथे एकदा तरी जावंच. पण सुरुवातीला गावातली छोटी बैठक जास्त शिकवते, कारण गायक तबलजीकडे कधी बघतो, साथीची पेटी गायकाची एखादी सुरेख जागा (स्वरांची खास वळणं) कशी उचलते, हे तिथे चार हातांवरून दिसतं. मोबाईल बंद ठेवा. तंबोरे जुळत असतानाच जागेवर बसा, षड्ज (सा) तेव्हापासून कानात भरू लागतो. आणि शेवटी भैरवी सुरू झाली की गाडी काढायच्या घाईने उठू नका.