स्क्रीनवर ‘फोल्डर होम नाही’ आलं की आधी काय बघायचं

खोके घडवणाऱ्या मशीनवर पोझिशनचा फॉल्ट आला की ऑपरेटरचा निरोप ठरलेला असतो: “सेन्सर गेलाय, नवा घेऊन या.” कार्टनिंग मशीनच्या मेंटेनन्समध्ये मला १४ वर्षं झाली. ‘गेला’ म्हणून काढून आणलेले कितीतरी सेन्सर मी टेबलावर २४ व्होल्ट देऊन तपासलेत आणि त्यातले बहुतेक धडधाकट निघालेत. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी थोडं थांबा.

‘फोल्डर होम नाही’ म्हणजे खोक्याची घडी घालणारा भाग, फोल्डर, मूळ जागी परतल्याचं मशीनला कळलं नाही. फॉल्टचा अर्थ एवढाच, की पीएलसीने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरने, ठरावीक वेळ एका इनपुटची (सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलची) वाट पाहिली आणि तो आला नाही. भाग जागेवर पोहोचलाच नसेल, पोहोचला पण सेन्सरला दिसला नसेल, किंवा दिसूनही सिग्नल वाटेत अडकला असेल. मी याच क्रमाने जाते, कारण पहिलं कारण शोधायला एकही नट सैल करावा लागत नाही.

हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, हवा बंद करा आणि आत उरलेला दाब सोडा. अडकलेला खोका ओढताना उरलेल्या हवेने सिलिंडर सटकन पुढे आला आणि एका सहकाऱ्याची दोन बोटं चेपली, हे मी समोर उभी राहून पाहिलंय. सेन्सरचा दिवा बघायचा असेल तेव्हा फक्त कंट्रोलचे २४ व्होल्ट चालू ठेवा, मोटर आणि हवा बंदच. आणि सेन्सरसमोर बोट नाही, लोखंडी पट्टी धरा.

आता भाग पोहोचला का ते बघू. ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारा: “आज काय बदललं?” खोक्यांचा नवा लॉट लावला असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. बरेच दिवस दाबून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या घड्या ताठरतात, खोका पूर्ण उघडत नाही, फ्लॅप उलटा उसळतो आणि प्रकाशाने बघणारा फोटोसेन्सर जे दिसतं तेच सांगतो. सक्शन कपची कड फाटली असेल किंवा व्हॅक्यूमचा फिल्टर भरला असेल, तर मॅगझिनमधून, म्हणजे न उघडलेल्या खोक्यांच्या थप्पीतून, खोका वाकडा सुटतो. सिलिंडरचा वेग कमी करणारा स्क्रू कुणी फिरवला असेल, तर फोल्डर पोहोचतो पण उशिरा, आणि तोवर टाइमआउट होऊन गेलेला असतो.

भाग जागेवर आहे, पण सेन्सरचा दिवा लागत नाही? मग मधलं अंतर मोजा. एम१२ आकाराचा, धातूत पूर्ण बसवायचा साधा इंडक्टिव्ह सेन्सर (न शिवता धातू ओळखणारा) कागदावर २ मिलिमीटरवरून बघतो, पण मी १.६ च्या पुढे कधी जात नाही. हे २ मिलिमीटरही साध्या पोलादासाठी. स्टेनलेस असेल तर साधारण ०.७ पट, ॲल्युमिनियम असेल तर जेमतेम ०.४ पट. एका मशीनवर फोल्डरची झिजलेली पट्टी बदलताना कुणीतरी हाताशी होती ती ॲल्युमिनियमची लावली होती. अंतर आधीचंच, ०.८ मिलिमीटर. म्हणजे बरोब्बर काठावर. मशीन तासभर नीट चालायचं आणि मग कंपनाने फॉल्ट द्यायचं. दोन सेन्सर बदलून झाले होते. मी पोलादाची पट्टी लावली आणि तो फॉल्ट पुन्हा आला नाही.

सिलिंडरवरच्या रीड स्विचचा (पिस्टनमधल्या चुंबकाने चालू होणाऱ्या स्विचचा) पट्टा सैल होऊन तो सरकतो. दिवा जिथे लागतो आणि जिथे विझतो त्या दोन्ही खुणा करा, स्विच मधोमध बसवा. पिस्टन लांब गेल्यावरही दिवा विझत नसेल तर आतला काँटॅक्ट चिकटलाय, तो मात्र बदलायचाच. फोटोसेन्सरची काच कागदाच्या धुळीने माखते. मऊ कापडाने पुसा. थिनर लावलात तर प्लास्टिकची लेन्स कायमची धुरकट होईल. रिफ्लेक्टरवाला सेन्सर चकचकीत वॉर्निशच्या खोक्यालाच रिफ्लेक्टर समजत असेल, तर तो थोडा तिरका बसवा किंवा पोलराइज्ड प्रकारचा घ्या.

सेन्सरचा दिवा लागतोय, पण पीएलसीवरचा इनपुटचा दिवा लागत नाही, तर दोष वायरमध्ये शोधा. सेन्सरच्या तपकिरी आणि निळ्या वायरमध्ये २४ व्होल्ट हवेत. पीएनपी सेन्सर (‘चालू’ झाला की काळ्या वायरवर २४ व्होल्ट देणारा) असेल तर काळी आणि निळी यांच्यात भाग समोर असताना जवळपास तेवढेच, नसताना जवळपास शून्य. २४ व्होल्टचा इनपुट साधारणपणे १५ च्या वर ‘चालू’ आणि ५ च्या खाली ‘बंद’ धरतो. मीटरवर ११ दिसले, तर कनेक्टर उघडून ओल आणि हिरवट गंज बघा.

सगळ्यात छळणारा फॉल्ट म्हणजे अधूनमधून येणारा. ड्रॅग चेनमधली (हलत्या भागाबरोबर वाकणाऱ्या साखळीतली) वायर वरून शाबूत दिसते, पण आतली तार तुटलेली असते आणि चेन एका ठरावीक ठिकाणी वाकली की सिग्नल जातो. एकाला पीएलसीच्या दिव्याकडे बघत बसवा आणि तुम्ही वायर वीतभर वीतभर वाकवत पुढे सरका. वेळ लागतो, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही.

हळू चालवलं की ठीक, वेग वाढवला की फॉल्ट, असं असेल तर हिशेब मांडा. मिनिटाला १२० खोके म्हणजे एका फेरीला ५०० मिलिसेकंद. फेरीचे ३६० अंश धरले आणि सेन्सरसमोरून फिरणारी कॅमची पट्टी त्यातल्या १० अंशांची असेल तर सिग्नल जेमतेम १४ मिलिसेकंद टिकतो. इनपुटचा फिल्टर (त्याहून कमी टिकलेला सिग्नल पीएलसी धरत नाही) १० मिलिसेकंदांवर असेल तर उरतात फक्त चार. पट्टी रुंद करा किंवा फिल्टर कमी करा. सेन्सर बदलून हे सुटणार नाही.

आज एक स्टेशन, उद्या दुसरं, परवा तिसरं थांबत असेल, तर एकेका सेन्सरच्या मागे लागू नका. एनकोडर, म्हणजे मशीन फेरीच्या कितव्या अंशावर आहे ते सांगणारा भाग, शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू तपासा. तो सरकला की मशीनचे सगळे अंश एकदम चुकतात.

आणि शिफ्ट संपत आली म्हणून जंपर लावून, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वायरने कायम ‘चालू’ करून, मशीन चालवू नका. फोल्डर मागे गेला नसताना पुढचा खोका आला, तर मोडतो तो फोल्डरच.

काम झालं की आधी जॉगवर (बटण दाबून थोडं थोडं चालवत) १० फेऱ्या, मग कमी वेग, मग पूर्ण वेग. लॉक नटवर पेंटची रेघ ओढा, म्हणजे तो फिरला तर लांबूनही दिसेल. अंतर किती मिलिमीटर ठेवलं आणि कितव्या अंशाला दिवा लागतो, हे मी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवते.