गल्लीत कट्टा सुरू करायचाय? आमच्या सांगलीच्या अनुभवावरनं सांगते

आमच्या गावभागातल्या गल्लीत एक काकू एकट्या राहतात. मुलगा बेंगलोरला, मुलगी पुण्याला, दोघंही नियमानं फोन करणारी, म्हणजे आईला टाकून दिलेली पोरं अजिबात नव्हेत. एका रात्री काकू मोरीत पाय घसरून पडल्या आणि सकाळी साडेनऊपर्यंत तिथंच पडून राहिल्या. घंटागाडीवरच्या मावशींनी दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली बघितली आणि समोरच्या घरात हाक मारली म्हणून कळलं तरी. काकू बऱ्या झाल्या, चालतात आता, पण मला ते फार लागलं, की आम्ही इतकी चिकटून घरं, एकाच्या कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या घरात मोजता येतात आणि काकू आज दिसल्या नाहीत हे लक्षात ठेवणं गल्लीत कुणाचंच काम नव्हतं.

आमचा गुरुवारचा कट्टा, म्हणजे गल्लीतल्यांनी दर गुरुवारी एकत्र जमून बसायचं, त्यातनं सुरू झाला. आता तीन वर्षं होत आली. बाकीच्या गल्ल्यांतनं, मिरजेतनं, एकदा तर विट्याकडनं पण लोकांनी विचारलं की तुम्ही हे कसं केलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी नाव

आमची पहिली चूक इथंच झाली. मी मोठ्या उत्साहानं फलक लिहिला, ‘मानसिक आरोग्य सहाय्य गट, सर्वांचे स्वागत’. आले तिघं, त्यातली एक माझी जाऊ. नंतर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, त्या बोर्डाखाली बसलेलं कुणी बघितलं तर घरी सोयरीक यायची बंद होईल. त्यांचं खोटं नव्हतं. आपल्याकडं कुणी ‘मला डिप्रेशन आहे’ असं म्हणत नाही, जीव रमत नाही म्हणतात, मन लागंना, डोक्यात भुंगा फिरतोय, रात्रीचा डोळा लागत नाही, नुसतं छातीत धडधडतंय. मग शब्द पण तेच वापरायचे. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ पासून असाच एक प्रयोग चालवलाय, दवाखान्याच्या आवारात बाकडं टाकायचं आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवायच्या, ज्याला मन मोकळं करायचंय त्यानं येऊन आजीशेजारी बसायचं. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, म्हणजे अति विचार करणं, आणि त्या आज्या आजाराचं नाव न घेता हाच शब्द वापरतात. २०१६ मध्ये त्याचा रीतसर अभ्यास छापून आला, बाकड्यावर बसलेल्यांची उदासी बाकीच्यांपेक्षा बरीच कमी झालेली दिसली. मी हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फलक पुसून लिहिलं, ‘गुरुवारचा कट्टा, ५ ते ६.३०, चहा आहे’.

जागा आणि वेळ

कुणाच्या घरात घेऊ नका. घरात घेतलं की यजमानीण चहात अडकते, सुनेला वाटतं सासूच्या मैत्रिणी आल्या, आणि ज्या दोन घरांचं आपसात पटत नाही त्यातलं एक कायमचं तुटतं. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो पण तिथं प्रत्येकाला मोकळेपणानं येता येईल का ते मनाशी खरं खरं विचारा, दुसऱ्या धर्माचा माणूस, पाळी असलेली बाई, जुन्या भांडणामुळं त्या देवळात न जाणारी भावकी. आम्ही आधी बागेत बसायचो, जूनमध्ये पाऊस लागला आणि चार गुरुवार बुडाले, त्या चार गुरुवारांनी अर्धी माणसं गळाली. तेव्हा छप्पर पाहिजेच. शाळेची खोली, वाचनालय, समाजमंदिर, ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, जे मिळेल ते, फक्त पायऱ्या नकोत आणि जवळ संडास पाहिजे. संडासाचं हसण्यावारी नेऊ नका. साठीच्या पुढच्या निम्म्या बायका निव्वळ त्या धास्तीनं बाहेर पडत नाहीत, आणि शुगरवाले पुरुष पण, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. जागेसाठी साध्या कागदावर अर्ज करा, गावात ग्रामपंचायतीला, शहरात वॉर्ड ऑफिसला किंवा ज्या संस्थेचा हॉल असेल तिला, आणि पोचीची सही घेऊन ठेवा.

वेळ एकदा ठरवली की दगडावरची रेघ. पाणी कधी येतं, सात नंतर मालिका लागतात, सुनांचा स्वयंपाक कधी, पोरांच्या शिकवण्या कधी, हे बघून ठरवा. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. सुरुवात पोरांच्या अभ्यासासाठी झाली, पण मला त्यातलं घेण्यासारखं हे वाटतं की आज आहे का उद्या आहे असं कुणाला विचारावंच लागत नाही. आमच्याकडं भोंगा नाही, पण गुरुवारी पाच वाजता खोलीचं कुलूप उघडलेलं असतं, दोनच माणसं आली तरी, दिवाळीच्या आठवड्यात पण. सणाच्या दिवशी तर नक्की उघडा. एकट्या माणसाला सण सगळ्यात जड जातो.

हाताला काहीतरी काम पाहिजे

नुसतं ‘या, बसा, बोला’ म्हटलं की पुरुष येत नाहीत. बायका येतात, भिशीमुळं त्यांना एकत्र बसायची सवय असते, पण रिटायर झालेले बाप्ये दारापर्यंत येऊन ‘काय नाही, सहज चाललो होतो’ म्हणत पुढं जायचे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासनं ‘मेन्स शेड’ म्हणून चळवळ आहे, म्हाताऱ्या पुरुषांनी एका शेडमध्ये जमून सुतारकाम, दुरुस्ती वगैरे करायची. त्यांचं म्हणणं असं की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाही, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतो. हे आपल्याकडं तंतोतंत खरं आहे, शेतात बघा की, बांधावर बसवून विचारलं तर ‘काय नाही, बरं हाय’ आणि मोटर दुरुस्त करताना सगळं घर सांगून मोकळा.

आम्ही एका टेबलावर पाना, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर ठेवला आणि सांगितलं की घरातले बंद पडलेले मिक्सर, इस्त्री, पंखे घेऊन या. एक रिटायर वायरमन होते, बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हते, ते पहिल्यांदा मिक्सर बघायला म्हणून आले. तीन महिने फक्त मिक्सरवर बोलले. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी कॉइल गुंडाळता गुंडाळता खाली बघूनच म्हणाले, ‘हिच्या मिक्सरचा आवाज असाच यायचा’. कुणी काही बोललं नाही, शेजारच्यानं फक्त त्यांच्याकडं पक्कड सरकवली. आता कट्ट्याची किल्ली त्यांच्याकडं असते.

बायकांनी वाकळ शिवायला घेतलीय, जुन्या लुगड्यांची, प्रत्येकीच्या घरचा एक तुकडा. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया. शेंगा फोडायचं काम तर कुणालाही जमतं, हाताला कंप असलेल्याला पण. कॅरम ठेवा पण पैसे लावून पत्ते नकोत, ते एकदा शिरलं की कट्ट्याचा क्लब होतो.

ऐकायचं कसं

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याला सल्ला द्यायची इतकी घाई असते, समोरचा म्हणतो झोप येत नाही की आपण लगेच जायफळ सांगतो, कुणाच्या तरी मामाला काय झालं होतं ते सांगतो, आणि तो माणूस गप्प होतो. आता आमचा एक नियम आहे, समोरचा थांबला की मनात पाच आकडे मोजायचे आणि मग बोलायचं, बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्याला तोच पुढचं बोलतो. ‘मग काय केलंत?’, ‘रात्री जास्त होतं का?’ एवढं पुरतं. ‘तुमच्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक बघा’ हे वाक्य आम्ही कट्ट्यावर बंद केलंय. आणि इथं ऐकलेलं बाहेर जाणार नाही, हे दर महिन्याला मोठ्यानं म्हणायचं, कारण गल्लीत बातमीला पाय असतात. एकदा एका सुनेचं बोललेलं सासूपर्यंत गेलं. ती परत आली नाही. मी दोनदा घरी जाऊन माफी मागितली तरी आली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

अजून थोडे नियम, भांडणं होऊन शिकलेले: उसने पैसे मागायचे नाहीत, पॉलिसी आणि वजन कमी करायच्या पावडरी विकायच्या नाहीत, कुणा महाराजांकडं चला म्हणायचं नाही, निवडणुकीच्या दिवसात उमेदवाराला चहाला बोलवायचं नाही. देणगी पण पहिलं वर्षभर घेऊ नका. खर्च आहेच किती, दूध-साखर-चहापत्ती, डब्यात ज्याला जमेल त्यानं टाकायचं, डबा झाकणाचा ठेवा म्हणजे कुणी किती टाकले दिसत नाही.

वही, आणि न आलेली माणसं

सगळा कट्टा माझ्या मते या वहीवर उभा आहे. हजेरी आम्ही घेत नाही, गैरहजेरी लिहितो. एक गुरुवार चुकला तर जवळच्या घरचा माणूस जाता जाता डोकावतो, दोन चुकले तर कुणीतरी मुद्दाम घरी जातं, ‘का आला नाहीत’ असं न विचारता. ‘वाकळीला तुमचा तुकडा राहिलाय’ असं म्हणायचं. माणसाला आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटलं की तो उठतो, चौकशी झाली की अवघडतो.

आणि जे कधीच आले नाहीत त्यांचा विचार करा. नवीन लग्न होऊन आलेली पोरगी. अंथरुणाला खिळलेल्या सासूला किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला सांभाळणारी बाई, तिला दीड तास सोडवायला घरी कुणीतरी बसलं तरच ती येऊ शकते, आम्ही दोघी आळीपाळीनं बसतो. कॉलेजसाठी बाहेरगावाहून येऊन रूम करून राहिलेली पोरं. एकटेपणा म्हाताऱ्यांचाच असं समजू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालात जगात दर ६ माणसांत १ जण एकटेपणानं ग्रासलेला असल्याचं म्हटलंय आणि तरुणांत ते जास्तच दिसतं. खानापूर-आटपाडीकडच्या गावांत तर वेगळंच, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं तरणी माणसं देशभर पांगलेली, गावात चांगले बंगले आणि आत दोन म्हातारी माणसं. अशा गावात कट्टा रोजचा पाहिजे, आठवड्याचा पुरायचा नाही, पारावर का असेना.

आपलं काम कुठं संपतं

आपण डॉक्टर नाही. कुणी ‘आता जगून काय करायचं’, ‘माझं ओझं झालंय’ असं बोलायला लागलं, वस्तू वाटायला लागलं, किंवा पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, जेवण नाही, दारू वाढलीय असं दिसलं तर एकट्यानं सांभाळायला जाऊ नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं, हे अभ्यासातनं दिसलंय. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं शेतीचं औषध, गोळ्या हाताशी राहू द्यायच्या नाहीत, घरच्या विश्वासातल्या एकाला सांगायचं, आणि फोन लावायचा, १४४१६. ही टेलि-मानस हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अगदी त्याच क्षणी जीवाला धोका असेल तर ११२. वृद्धांसाठी वेगळी एल्डरलाईन आहे १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, त्यात पेन्शन, घरातला छळ अशा गोष्टीत पण मदत मिळते. सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, चिठ्ठी देऊन पाठवू नका, बरोबर जा. मी पाच वेळा गेलेय, लायनीत शेजारी कुणी बसलेलं असलं की माणूस नंबर येईपर्यंत टिकतो, नाहीतर अर्ध्यातनं उठून घरी येतो.

स्वतःला पण जपा. दुसऱ्या वर्षी मी सगळं एकटीच ओढत होते आणि घरी चिडचिड इतकी वाढली की नवरा म्हणाला, आता तूच कट्ट्यावर जाऊन बस. तेव्हापासून आम्ही चौघं आहोत, महिन्यातला एक एक गुरुवार वाटून घेतलेला.

पावसाळ्याआधी

कृष्णाकाठच्या लोकांसाठी हे वेगळं लिहिते. २०१९ ला सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत आलं, गावभाग, मारुती चौक, सूर्यवंशी प्लॉट, सांगलवाडी इथल्यांना वेगळं सांगायला नको. त्या दिवसात एकटी म्हातारी माणसं ‘आमच्या घरात पाणी येत नाही’ म्हणत बसून राहतात, आणि त्यांना उठवायला त्यांच्या ओळखीचाच आवाज लागतो. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आम्ही वहीची मागची पानं भरतो: एकटं कोण राहतं, कितव्या मजल्यावर, चालता येतं का, रोजच्या गोळ्या कुठल्या आणि किती दिवसांच्या आहेत, कुठल्या पाहुण्याकडं जाणार, त्या पाहुण्याचा नंबर, आणि हाक मारायला कोण जाणार त्याचं नाव. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. आमच्यात ठरलंय की ३५ झालं की फोन सुरू करायचे आणि ४० ला प्रत्यक्ष दारात जायचं, गोळ्यांची पिशवी, चष्मा, आधार कार्ड, पासबुक भरून घ्यायचं. मोरीत पडलेल्या त्या काकूंच्या नावापुढं माझं नाव आहे, आणि काकूंनी स्वतःहून मागून घेतलेली दोन घरं त्यांच्या नावापुढं आहेत, त्या फोन करतात.