तैलरंगातील व्यक्तिचित्र : आधी छाया, मग रंग
सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारचे ऊन भिंतींवरून परावर्तित होऊन चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळून टाकते; त्यामुळे समोरच्या व्यक्तीला उत्तरेकडील खिडकीजवळ बसवावे आणि विरुद्ध बाजूला गडद सोलापुरी चादर टांगावी, म्हणजे छाया ठळक राहते. पहिल्या बैठकीत त्वचेचा रंग कालवण्याचा मोह टाळून केवळ बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून छायेचे आकार भरावेत व उजेडाच्या जागी चिंधीने रंग पुसून घ्यावा. डोळे किलकिले करून पाहिल्यास छायेच्या बाजूची डोळ्याची खोबण, गाल आणि हनुवटीखालची सावली मिळून एकच आकार दिसतो. तो चुकला, तर पापण्या कितीही बारकाईने रंगवल्या तरी चेहरा ओळखू येत नाही. बर्न्ट अंबर त्यातील मँगनीजमुळे लवकर वाळतो. पुढील थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण क्रमाने वाढवावे, कारण तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिल्यास तो पुढे तडकतो. (चटणीच्या जवसाचे घाण्यावरचे तेल मात्र येथे चालत नाही, रंगकामासाठीचे शुद्ध केलेलेच घ्यावे.) तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेटू शकतो.