सोबतचा माणूस काम करत नसेल तर (नवीन जॉईन झालेल्यांसाठी)

नवीन जॉब लागला की आपल्याला काम जमेल का याचंच टेन्शन असतं, पण खरा मनस्ताप बऱ्याचदा शेजारच्या खुर्चीतून येतो हे आधी कोणी सांगत नाही.

माझ्या टीममध्ये एक सिनियर होते, कधीही विचारा, "हो हो, होऊन जाईल", आणि डेडलाईनच्या आदल्या संध्याकाळी अर्धवट फाईल यायची, मग रात्री बसून निस्तरायचं मी आणि सकाळी मॅनेजरला सगळं वेळेत झालेलं दिसायचं, म्हणजे त्यांच्या लेखी काही अडचणच नाही. राग त्या माणसापेक्षा या गोष्टीचा येतो की जबाबदारी आपली आणि हातात काहीच नाही. कामाच्या ताणावर संशोधन करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं, कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा आपला ताबा कमी असला की कामाचा ताण सगळ्यात वाईट.

म्हणून ताबा परत मिळवा. माणसाबद्दल तक्रार नको, कामाबद्दल बोला: "आकडे शुक्रवार दुपारपर्यंत आले तर रिपोर्ट सोमवारी, नाहीतर बुधवारी." तोंडी ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलवर टाका, मॅनेजरला सीसी ठेवा, आणि अर्धं झालेलं काम मधेच मागून बघा. गुपचूप झाकत राहिलात तर ते काम कायमचं तुमच्याच गळ्यात पडतं, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

पण आधी बघा, त्याला येत नाहीये की तो करत नाहीये. क्रुगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसलं की ज्यांना कमी येतं त्यांनाच आपल्याला किती कमी येतं ते नीट कळत नाही, आणि थोडं शिकवल्यावर त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला. त्यामुळे एकदा शेजारी बसून शिकवा, फक्त माऊस त्याच्या हातात द्या.

ओरडणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे, तिथे समजून घेत बसू नका, तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवा आणि एचआरकडे जा.

आणि स्वतःकडे लक्ष द्या. सतत थकवा, कामाबद्दल तुसडेपणा, हातून काहीच धड होत नाही असं वाटणं, जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआऊटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार गळून जाण्याची, हीच तीन लक्षणं दिलीत. ही दिसायला लागली तर टीम बदलून मागा, अनुभवाचं वर्ष पूर्ण होऊ दे म्हणून थांबू नका.