बंद परमिट रूमचं घर करताना

डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. 20 हजारांखालच्या वस्तीत हे अंतर पुढे 220 मीटरवर आलं. 2023 मध्ये बारमधल्या दारूवरचा व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला. अशा कारणांनी बंद पडलेली परमिट रूम राहण्यासाठी घ्यायची तर आधी सातबारा बघा. मराठवाड्यात इनामी, देवस्थानच्या जमिनी बऱ्याच. 'भोगवटादार वर्ग 2' (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला की विसारसुद्धा देऊ नका. बिनशेती आदेशात वापर वाणिज्य असेल तर निवासी करून घ्यावा लागतो. परवान्याची थकबाकी मालकानेच उत्पादन शुल्क खात्यात मिटवून द्यावी. (पुष्कळदा इमारतीपेक्षा परवान्यालाच भाव जास्त असतो, त्यामुळे तो सोडायला मालक लवकर तयार होत नाही.)

खरी अडचण उजेडाची. आतलं बाहेर दिसू नये म्हणूनच हॉल बांधलेला असतो. खिडक्या मजल्याच्या एक-दशांश तरी हव्यात. 20 बाय 30 च्या हॉलला 60 चौरस फूट, म्हणजे 4 बाय 4 च्या चार. खोल्या बाहेरच्या भिंतींना लावून काढा, मधे बोळ ठेवा. खोली शंभरेक चौरस फुटांखाली नको. पीओपीचं छत काढलं की उंचीही मिळते आणि स्लॅबची गळतीही कळते.

भिंतीवर स्लॅबचा भार असेल तर आधी लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई), मग खिडकी. दोन्ही बाजूंनी टेकू लावा, भिंतीची निम्मी जाडी फोडून लिंटल भरा, दोन्हीकडे 6 इंच टेकण द्या. ती पक्की झाल्यावर उरलेली जाडी. मिस्त्री घाईत सलग फोडतो आणि वरची वीट सुटते. पश्चिमेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा नसेल तर एप्रिल-मेत त्या खोलीत दुपारी बसवत नाही.

स्वयंपाकाच्या भट्टीमागच्या तेलकट गिलाव्यावर रंग धरत नाही. विटेपर्यंत खरवडा, सांधे अर्धा इंच उकरा, 1:4 सिमेंट-वाळूच्या मालाचा गिलावा करा आणि सात दिवस ओलं बारदान लावून ठेवा.

मुतारीचं भांडं काढून पाइपला बूच मारलं तर वास जात नाही. क्षार फरशीखालच्या मालात मुरलेले असतात. फरशी, माल, जुना पाइप सगळं उपसा. नव्या ट्रॅपमध्ये (पाणी धरून वास अडवणाऱ्या बाकदार भागात) 2 इंच पाणी राहिलं पाहिजे.

मीटर घरगुती करायचा अर्ज महावितरणला काम संपताच द्या, नाहीतर बिल व्यापारी दरानेच येत राहील.