पोलिसांनी मोबाईल मागितला तर : या चुका टाळा

नाकाबंदीत लायसन्स बघून झालं, गाडीची कागदपत्रं झाली, आणि मग हळूच, "मोबाईल दाखव जरा." समोरचा मुलगा लॉक उघडतो आणि फोन हातात देतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादचे पोलीस रस्त्यात तरुणांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'गांजा' टाइप करून चॅट शोधत असल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ना गुन्हा दाखल, ना नोटीस, ना पंच. "लपवण्यासारखं काही नाही, मग घाबरायचं कशाला" असं म्हणून लोक फोन देऊन मोकळे होतात. पण फोनात एकट्या आपलं असं थोडंच असतं. बहिणीचे मेडिकल रिपोर्ट असतात, मित्राने विश्वासाने लिहिलेलं असतं, ऑफिसचे मेल असतात. त्यांची संमती कुणी घेतलेली नसते.

फोनच्या झडतीबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांची किंमत महिनोन् महिने मोजावी लागते. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आधी घेतो.

"वॉरंटच नव्हतं, म्हणजे केस उडाली"

हा समज अमेरिकन मालिकांमधून आला आहे. तिथे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा साधारणपणे बाद होतो, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रायली निकालानंतर अटक केलेल्या माणसाचा फोन बघायलाही पोलिसांना सहसा वॉरंट लागतं. भारतात तसं नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला मुंबईच्या एका कॉरोनरविरुद्ध (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) होता. पोलिसांनी त्याचं फोनवरचं बोलणं टेप केलं होतं. पुरावा मिळवण्याची रीत चुकली असली, तरी तो विषयाशी संबंधित असेल तर ग्राह्य धरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली म्हटलं. पुढच्याच वर्षी पूरणमल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी आयकराच्या झडतीबाबत हीच भूमिका घेतली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात फोन टॅपिंगचे आदेश रद्द करून ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. म्हणजे दार थोडं उघडलं आहे. पण "कोर्टात बघून घेऊ" एवढ्या भरवशावर घरच्या झडतीला गप्प बसू नका. आपल्याकडे झडती चालू असताना कागदावर काय उतरतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

विनंती आणि आदेश यात गल्लत

पोलीस विचारतात तेव्हा ती बहुतेक वेळा विनंती असते. तुम्ही फोन दिलात की ती तुमची संमती होते, आणि मग कुठलं कलम, कुठला आदेश हे प्रश्नच उरत नाहीत. आदेशाचे मार्ग वेगळे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस), म्हणजे पोलीस तपासाची रीत ठरवणारा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पुढे नुसतं 'कलम' म्हटलं तर ते याच संहितेचं. तिच्या कलम ९४ नुसार ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून किंवा कोर्ट समन्स काढून मोबाईलसारखी वस्तू हजर करायला सांगू शकतं. कलम ९६ खाली कोर्ट झडतीचं वॉरंट काढतं. कलम १८५ खाली तपासी अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो, पण का घेतोय आणि काय शोधतोय हे त्याने लिहून ठेवायचं असतं. ते कागद ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवेत. जागामालकाने अर्ज केला तर त्याला त्यांची नक्कल फुकट मिळते. हा अर्ज करणारे लोक फारच कमी, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. एका पानाचा अर्ज असतो.

म्हणून आवाज न चढवता तीन गोष्टी विचारा. "साहेब, कुठल्या ठाण्याचा गुन्हा आहे, गुन्हा रजिस्टर नंबर काय, आणि लेखी आदेश आहे का?" उत्तर मिळालं नाही तर "मी स्वखुशीने फोन उघडून देत नाही" एवढंच म्हणा. हे वाक्य सभ्यपणे म्हणणं गुन्हा नाही.

गाडीचे कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर असतील तर तेवढे दाखवावे लागतात. तिथे फोन पोलिसाच्या हातात देऊ नका, स्वतःच्या हातात धरून स्क्रीन दाखवा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' असतं, आयफोनमध्ये 'गाइडेड अ‍ॅक्सेस'. ते चालू केलं की तेवढंच एक अ‍ॅप उघडं राहतं, बाहेर पडायला पासकोड लागतो. घरी बसून एकदा करून बघा, रस्त्यावर पावसात सुचत नाही.

ओढाओढ करणं, घाईघाईने डिलीट करणं

कलम १०६ खाली संशयास्पद परिस्थितीत सापडलेली वस्तू पोलीस वॉरंटशिवाय जप्त करू शकतात. त्यामुळे त्यांनी फोन घेतलाच तर हिसकावून घेऊ नका. झटापट झाली की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी बळ वापरण्याचं, आपल्याकडे ज्याला अजूनही सगळे जुन्या दंड संहितेवरून '३५३' म्हणतात ते लागतं, आणि मूळ विषय बाजूला राहून तुम्ही नव्याच गुन्ह्यात आरोपी होता.

डिलीट करण्याचंही तसंच. तुमच्याकडून पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनात असतो, बॅकअपमध्ये असू शकतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा बरंच काही परत काढते. चॅट निरुपद्रवी असली तरी नोटीस आल्यावर ती पुसल्याची वेळ दिसली की पुरावा नष्ट केल्याचा आरोप (न्याय संहितेचं कलम २३८) उभा राहतो. काही पुसू नका. वकिलाला आधी फोन करा.

पासवर्ड : "द्यावाच लागतो" आणि "द्यायचाच नसतो"

दोन्ही वाक्यं ठामपणे सांगणारे लोक भेटतात. न्यायालयांचंच एकमत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. पासवर्ड सांगणं ही अशी साक्ष आहे का, हा वादाचा मुद्दा. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात म्हटलं की नाही, ती साक्ष नाही. मात्र फोन तपासायला तातडीचं कारण नसेल तर वॉरंट घ्या, असंही बजावलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने उलट मत दिलं : पासवर्ड मनात असतो, तो सांगायची सक्ती नको. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात अनुच्छेद २०(३) चाच आधार घेऊन आरोपीवर पासवर्डची जबरदस्ती करता येणार नाही असं सांगितलं.

बोटाचा ठसा मात्र वेगळा. काथी कालू ओघड हा तेव्हाच्या मुंबई राज्याचा खटला. त्यात ११ न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये ठरवलं की ठसा किंवा हस्ताक्षर देणं म्हणजे साक्ष नव्हे. वर सांगितलेल्या सीबीआय न्यायालयानेही पासवर्ड आणि बायोमेट्रिक यात हाच फरक केला. त्यामुळे नुसत्या बोटावर किंवा चेहऱ्यावर उघडणाऱ्या फोनाला कायद्याचं कवच पातळ आहे. लांब पासकोड ठेवा. फोन बंद करून परत चालू केला की पहिल्यांदा पासकोडच मागतो, बोट चालत नाही.

चौकशीत पासवर्ड मागितला तर "वकिलांशी बोलून उत्तर देतो" म्हणा. अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ ने दिला आहे (पूर्ण वेळ वकील शेजारी बसवण्याचा नाही). पासवर्ड द्यायचं ठरवलंत तर कुणी, किती वाजता मागितला आणि तुम्ही तो दिलात, हे पंचनाम्यात लिहून घ्या.

परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी जाता जाता : अमेरिकेच्या विमानतळावर रायलीचं संरक्षण तसंच्या तसं लागू होत नाही. व्हिसावर गेलेल्याने फोन उघडायला नकार दिला तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आपल्याकडेही आयकर, सीमाशुल्क, ईडी यांचे अधिकार आपापल्या कायद्यांतून येतात. तिथे पोलिसांचे नियम पाठ म्हणून दाखवून उपयोग नाही.

पंचनाम्यावर न वाचता सही

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते टाळणं सगळ्यात सोपं असतं.

पंचनाम्यात हमखास सापडणारी ओळ : "एक काळ्या रंगाचा जुना वापरता मोबाईल, जु.वा.किं.अं." (जुना वापरता, किंमत अंदाजे) आणि पुढे रक्कम. बस. कुठल्या कंपनीचा, कुठला मॉडेल, काही नाही. असे काळे जुने वापरते मोबाईल मुद्देमालाच्या खोलीत कितीतरी पडलेले असतात. उद्या कोर्टात जो फोन दाखवतील तो तुमचाच, आणि जप्तीच्या वेळी होता त्याच अवस्थेत, हे कशावरून?

म्हणून फोन ताब्यात जाण्याआधी *#०६# डायल करा. १५ आकडी आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतात. ते पंचनाम्यात लिहायला सांगा. त्याबरोबर सिमचे नंबर, मेमरी कार्ड आहे की नाही, स्क्रीनला तडा आहे का, फोन चालू होता की बंद, फ्लाइट मोडवर टाकला का, हेही. मग फोन पाकिटात घालून पंचांच्या सह्यांचं लेबल लावून तुमच्यासमोर सील झाला का ते बघा. सील न करता तपासी अधिकारी फोन खिशात टाकून निघाला, तर तेही नोंदवायला सांगा.

हॅश व्हॅल्यू मागा. फोनातल्या किंवा त्यातून काढलेल्या डेटावरून गणिताने निघणारा हा एक लांबलचक आकडा असतो. डेटात एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण बदलतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता हॅशची जागाच दिली आहे, आणि असं प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या खोतकर–गोरंट्याल खटल्यात सांगितलं होतं. हॅश का महत्त्वाचा हे भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं. एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरमधून (घातक सॉफ्टवेअर) फायली घुसवल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, जप्तीच्या क्षणी नोंदवलेला हॅश असेल तर निदान त्या क्षणानंतर काही बदललं का, हे तरी ठामपणे सांगता येतं. घरी येणाऱ्या पथकाकडे हॅश काढायची सोय बहुधा नसते. मग "हॅश मागितला, काढला नाही" एवढी नोंद करून घ्या.

कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता बंधनकारक आहे, यादी करण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत. कॅमेरा चालू नसेल तर "साहेब, रेकॉर्डिंग चालू करता का?" असं विचारा. कलम १०३ प्रमाणे त्या भागातले दोन स्वतंत्र पंच हवेत, घरातल्या माणसाला झडतीला हजर राहू द्यायला हवं, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला मिळायला हवी. प्रत मिळाली नाही तर सहीखाली स्वतःच्या हाताने लिहा : "प्रत मिळाली नाही", तारीख, वेळ. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. चहाच्या टपरीवरून पंच म्हणून बोलावून नेलेल्यांनाही हेच सांगणं आहे. तुमच्या एका सहीवर दुसऱ्या कुणाची तरी वर्षं अवलंबून असतात.

व्हिडिओ कॉलवरच्या 'पोलिसाला' घाबरणं

व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला अटक झाली आहे' असं धमकावून पैसे उकळतात, त्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. असा प्रकार कायद्यात नाही. कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. कॉल बंद करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आईला किंवा आजोबांना घेऊन ठाण्यात पळणं

साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर महिलांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि साठी उलटलेल्या पुरुषांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. कलम १७९ प्रमाणे त्यांचा जबाब राहत्या घरी घ्यावा लागतो.

जप्तीनंतर वाट बघत बसणं

"केस संपली की मिळेल" हे ऐकून लोक गप्प बसतात. फोन परत मिळण्यासाठी कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जप्त माल ठाण्यात उगाच पडू देऊ नये, साधारण १५ दिवस ते महिन्याभराच्या आत निर्णय व्हावा, असं सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं आहे. अर्जाला खरेदीचं बिल, आयएमईआय असलेला खोका आणि पंचनाम्याची प्रत जोडा. प्रयोगशाळेचं काम बाकी असेल तर सरकारी वकील हरकत घेतील, मग निदान कामाच्या फायलींची नक्कल मागा.

मधल्या काळात बँकेचे ओटीपी अडतात, यूपीआय बंद पडतं, दुकानदाराचा तर धंदाच थांबतो. त्याच नंबरचं नवं सिम काढण्याआधी तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या, म्हणजे पुढे कुणी वेगळा अर्थ काढणार नाही.

फोन सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) परत मिळाला तरी खटला संपेपर्यंत तो मुद्देमालच असतो. विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, फॅक्टरी रीसेट तर मुळीच नको. बंद करून कपाटात ठेवा आणि रोजच्या वापराला दुसरा घ्या.