घरगुती टी-शर्ट ब्रँडचा इतिहास शर्टांवरून कसा जुळवावा

गमतीदार टी-शर्ट छापणाऱ्या कुटुंबाचा इतिहास लिहायला घेतला, की आधी ज्यांनी धंदा सुरू केला त्यांना बोलतं करावंसं वाटतं. ते शेवटी करा. सुरुवातीची गोष्ट इतक्या वेळा सांगितलेली असते की ती गुळगुळीत झालेली असते. ती एकदा कानावर पडली, की पुढे सापडणारा प्रत्येक शर्ट तिच्यात बसवायची घाई होते. म्हणून आधी कपाटं, खोकी आणि माळा उपसा. छपाई बिघडली म्हणून बाजूला टाकलेले शर्टही राखून ठेवा. तंत्र कुठे अडत होतं हे त्यांच्यावर सर्वांत स्पष्ट दिसतं.

प्रत्येक शर्टाला क्रमांक द्या. सुती फितीच्या तुकड्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहून फीत दोन सैल टाक्यांनी आतून अडकवा. टाचणी गंजते आणि चिकटपट्टीचा गोंद कापडात उतरतो. मग शर्ट सपाट पसरून पाच फोटो घ्या: पुढून, मागून, गळ्याचं लेबल, खालची दुमड आणि छपाईची आतली बाजू. सहावा फोटो बाजूने तिरपा उजेड टाकून घ्या. शाईच्या थराची जाडी आणि भेगा त्यातच दिसतात. फोटोत मोजपट्टी हवी.

आता काळ ठरवायचा. यात एक नियम धरून चाला: बहुतेक पुरावे ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतात. छपाईत हक्काच्या खुणेशेजारी (©) 1986 असेल, तर ते डिझाइनचं साल. तोच शर्ट दहा वर्षांनी पुन्हा छापलेला असू शकतो. गळ्याचं लेबल बहुधा कोरा शर्ट बनवणाऱ्या कारखान्याचं असतं, आणि कोरा माल गोदामात वर्षानुवर्षं पडून राहतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर धुण्याच्या सूचना 1972 पासून सक्तीच्या झाल्या, आणि शब्दांऐवजी नुसती चिन्हं 1997 पासून चालू लागली. युरोपात मात्र ही चिन्हं कितीतरी आधीपासून होती, म्हणून शर्ट कोणत्या बाजारासाठी शिवला होता ते आधी पाहा. लेबलवर ‘आरएन’ने सुरू होणारा आकडा असला, तर तो कंपनीचा नोंदणी क्रमांक. त्यावरून कंपनी सापडते, शर्टाचं साल नाही.

बाही आणि खालची दुमड तपासा. शिवणीची एकच ओळ असेल तर शर्ट बहुधा 1990च्या दशकाच्या मध्याआधीचा; दोन समांतर ओळी नंतर सर्रास झाल्या. कारखान्यागणिक हा बदल पुढेमागे झाला, त्यामुळे नुसत्या शिवणीवर साल लिहू नका.

खरी माहिती शाईत असते. प्लास्टिसोल, म्हणजे प्लास्टिकची शाई, कापडावर थरासारखी बसते, बोटाला लागते. पाण्यावर आधारलेली शाई धाग्यात मुरते. प्लास्टिसोल हवेने वाळत नाही. थराच्या तळापर्यंत साधारण 160 अंश सेल्सिअस उष्णता पोचली तरच ती पक्की होते. वरून कोरडी, आतून कच्ची राहिली तर पहिल्या काही धुण्यांतच तडकते. म्हणून एकाच डिझाइनच्या तीन-चार प्रती शेजारी ठेवा. फारसा न वापरलेला शर्टही जाळीसारखा तडकला असेल, तर त्या काळी घरात इस्त्री किंवा छोटा हीटर वापरत असावेत. ज्या डिझाइनपासून भेगा थांबतात, तिथे पट्ट्यावरून शर्ट सरकवणारा ड्रायर आला असावा. मग त्याचं बिल शोधा. असा अंदाज बिलाशी जुळतो तेव्हा इतिहासाला भक्कम आधार मिळतो. भेगा पाहायला शर्ट ताणू नका, विशेषतः एकच प्रत असेल तर.

रंगांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एकेक रंग एकमेकांशी नेमका जुळणं, हेही बोलकं असतं. दोन रंगांमध्ये कापडाची बारीक फट दिसली, तर स्क्रीन (शाई ज्यातून कापडावर उतरवतात ती चौकटीतली जाळी) दर वेळी हाताने जुळवून ठेवत असावेत किंवा यंत्राचे सांधे सैल असावेत. तीच फट झाकायला काही छपाईवाले जाड काळी किनार दोन्ही रंगांवर चढवतात. अशी किनार कुठल्या डिझाइनपासून आली, याची नोंद करा.

स्क्रीन धुऊन पुन्हा वापरतात, म्हणून त्या रिकाम्या वाटतात. उजेडासमोर धरा: जुन्या चित्राची पुसट सावली जाळीत राहिलेली असते. तिचा लगेच फोटो घ्या. स्क्रीनवर चित्र उतरवण्यासाठी हाताने कापलेली लाल फिल्म मिळाली तर ती सपाट, दोन कागदांमध्ये ठेवा आणि 600 डीपीआयवर स्कॅन करा. थर्मल कागदाची बिलं फिकी पडतात, ती सर्वांत आधी स्कॅन करा. संगणकातल्या फाइलच्या तारखेवर भिस्त ठेवू नका. फाइल नव्याने साठवली की तारीख बदलते.

आता माणसांशी बोला, प्रत्येकाशी वेगवेगळं, शर्ट हातात देऊन. ‘कोणतं साल?’ असं विचारलं की अंदाजपंचे आकडा येतो; ‘तेव्हा धाकटी कितवीत होती?’ असं विचारलं की नेमका धागा सापडतो. फिल्म कोण कापायचं, शाई कोण घोटायचं, ड्रायरच्या तोंडाशी कोण उभं राहायचं, घड्या कोण घालायचं, हे हमखास विचारा. मजकूर सुचवणाऱ्याचं नाव सगळ्यांना आठवतं, पण रोज शेकडो शर्ट छापणारी आत्या किंवा वहिनी कुठल्याच कागदावर नसते. तिचं नाव तुम्ही नोंदवलं नाहीत तर ते राहूनच जाईल.

सगळ्या नोंदींचा तक्ता करा आणि त्यात प्रत्येक तारखेसमोर आधार लिहा: बिल, शर्ट, दोघांची आठवण की एकाची. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नावानिशी लिहा, मधलं साल काढू नका.

शर्ट परत ठेवताना छपाईवर आम्लरहित कागद घाला. उष्णतेत प्लास्टिसोलचे दोन थर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्र सोलून निघतं. हँगरवर टांगू नका, खांदे ओघळतात. डांबरगोळ्या त्या पेटीत नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला बाधते.